मालिका सोडण्याची प्राथमिक पुस्तिका

सिगारेट सोडायची, दारू सोडायची, गोड सोडायचं, सगळ्यावर पुस्तकं निघाली. खुनाची किंवा दवाखान्याची मालिका कशी सोडावी यावर मात्र कुणी लिहिलं नाही. ती उणीव इथे भरून काढतो. साहित्य फार लागत नाही. एक रिमोट, त्याच्या पाठीवर दोन थापा मारण्याइतकं बळ, आणि पानं वाढायच्या आत निर्णय घ्यायची तयारी. पहिला घास तोंडात गेला की त्या दिवशीचा मुहूर्त टळला असं समजा.

आधी रोगाचं निदान. खून कुणी केला हे कळावं म्हणून आपण बघतो, असं नवशिक्याला वाटतं. तसं असतं तर २१ जानेवारी १९९८ला सुरू झालेली ‘सीआयडी’ २०१८च्या ऑक्टोबरपर्यंत चाललीच नसती. आमच्या घरी खुनी पहिल्या दहा मिनिटांत ठरायचा: ज्या नटाला आधी कुठेतरी पाहिलंय, तो. बहुतेक वेळा बरोबरही यायचं. तरी कुणी उठत नसे. कारण अजून शिवाजी साटमांच्या एसीपी प्रद्युम्नची बोटं हवेत फिरायची असत, डॉ. साळुंख्यांशी त्याची खडाजंगी व्हायची असे, आणि दयाला दार तोडायचं असे. आरतीचं पुढचं कडवं पाठ आहे म्हणून कुणी मधूनच उठून जातं का? उलट पाठ असतं तिथेच आवाज चढतो.

तेव्हा पहिला धडा असा की रहस्य आधीच फोडून घेतल्याने मालिका सुटत नाही. खात्री हवी असेल तर झी मराठीवरची ‘देवमाणूस’ आठवा. २०२०चा ऑगस्ट संपत आला होता, सगळे घरात अडकलेले, बाहेर डॉक्टर हाच देव, आणि पडद्यावर हा बोगस डॉक्टर अजितकुमार. तोच खुनी, हे सुरुवातीपासून उघड. वाईजवळच्या ज्या प्रकरणावर गोष्ट बेतलेली, ते लोकांनी वर्तमानपत्रात आधीच वाचलेलं. लपवलेलं असं काही उरलंच नव्हतं. पण आपल्याला ठाऊक आणि गावाला ठाऊक नाही, एवढ्यावर मालिका चालली. एरवी शेजारच्या भांडणात कधी न पडणारी माझी आई टीव्हीला ओरडून सांगायची, “अगं, जाऊ नकोस त्याच्याकडे!” ती बाई जायचीच. आईही दुसऱ्या दिवशी परत सांगायला हजर.

दुसरा उपाय पुष्कळ जण सुचवतात: चुका मोजा, मन आपोआप विटेल. हा मी मावशीवर करून पाहिला. मावशी निवृत्त सिस्टर, तीस वर्षं वॉर्डात काढलेली. पडद्यावर मॉनिटरची रेघ सपाट होते, नायक दोन्ही हातांत ते इस्त्रीसारखं यंत्र घेतो, धाडकन शॉक, पेशंट उसळतो, रेघ पुन्हा नाचायला लागते. मावशी सोफ्यावरून अर्धी उठते. “अरे मेल्या, सपाट रेघेला शॉक नसतो देत! छाती दाब! अ‍ॅड्रिनलिन दे!” तिचं खरंच आहे. हृदय वेडंवाकडं थरथरत असेल तर त्याला ताळ्यावर आणण्यासाठी शॉक. पार थांबलेल्याला त्याचा उपयोग नाही.

मग मी तिला पुरावा दिला. १९९६मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये काही डॉक्टरांनी ‘ईआर’सकट तीन अमेरिकन कार्यक्रमांचे भाग तपासून हिशेब मांडला होता. छाती दाबून शुद्धीवर आणायचा प्रयत्न झालेल्यांपैकी ७५ टक्के पेशंट पडद्यावर तेवढ्यापुरते तरी वाचत होते. खऱ्या इस्पितळात हा आकडा याच्या जवळपासही जात नाही. मावशीने चष्मा पुसला. म्हणाली, “मग काय झालं? आम्हाला कुठे एवढे वाचवता आले? इथे वाचतात, तर बघू दे की.”

हा उपाय पुस्तिकेतून वगळला आहे.

तिसरा उपाय म्हणजे आवडतं पात्र मरायची वाट बघणे. हा जुना आणि बदनाम आहे. कॉनन डॉयल पेशाने डॉक्टर. एडिंबरात त्यांना शिकवणारे जोसेफ बेल पेशंटकडे नुसतं बघून त्याचा धंदा आणि दुखणं सांगत. त्यांच्यावरून होम्स घडला. म्हणजे खुनाची गोष्ट आणि रोगाची गोष्ट या मुळात मावसबहिणी. (शंभर वर्षांनी ‘हाउस’ या मालिकेने हे कर्ज फेडलं, त्या तिरसट डॉक्टरच्या घराचा नंबरही होम्सचाच, २२१बी.) तर १८९३मध्ये डॉयलनी होम्सला धबधब्यात लोटलं. वाचक इतके खवळले की मासिकाची वर्गणी बंद करायला निघाले, आणि १९०३मध्ये डॉयलना त्याला जिवंत परत आणावं लागलं. नव्याने सुरू झालेल्या ‘सीआयडी’त २०२५मध्ये एसीपी प्रद्युम्न गेले तेव्हाही तसाच गहजब झाला. तेही परतले. उलट ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’त २०१५मध्ये डॉक्टर शेफर्ड अपघातात गेला तो गेलाच, आणि मालिका पुढे वर्षानुवर्षं चालू राहिली. रागावून सोडलेल्या मालिकेचा भरवसा नसतो. रागावलेला माणूस रोज डोकावतो, आला का परत म्हणून.

मग लोक सोडतात कधी? माझ्या मते आमटीत पाणी पडलं की. खुनाची वा रोगाची गोष्ट आपल्याशी एक करार करते: तासाभरात गाठ सुटेल. औषधाबद्दल, कायद्याबद्दल, दारांच्या मजबुतीबद्दल काहीही थापा मारा, चालतं. पण इन्स्पेक्टर तपास सोडून साखरपुड्याला बसला, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी दोन सासवा आठवडाभर एकमेकींकडे बघत राहिल्या, की करार मोडला. अशा वेळी माणूस चिडत नाही. एक दिवस लग्नाला जातो, दुसऱ्या दिवशी वीज जाते, तिसऱ्या दिवशी सहज लावून बघतो तर तीच तीन माणसं त्याच जिन्यावर उभी. तो दूध तापवायला आत जातो आणि परत येत नाही. सुटली. त्याला स्वतःला हे महिन्याने कळतं.

‘देवमाणूस’चं पहिलं पर्व ऑगस्ट २०२१मध्ये संपलं, दुसरं त्याच डिसेंबरात सुरू झालं, आणि २०२५मध्ये तिसरं आलं. त्याचं नाव ‘मधला अध्याय’. आईने कॅलेंडरकडे बघितलं, काही बोलली नाही.

सराव करताना एक पथ्य पाळा: दुपारी टीव्ही लावू नका, जुने भाग लागलेले असतात. परवा आमच्याकडे दाराची कडी बसवायला सुतार आले होते. काम झालं, पैसे दिले, पिशवी खांद्याला लावून ते निघाले, आणि पडद्यावर दया दोन पावलं मागे सरला. सुतारांनी पिशवी खाली ठेवली. दार तुटेपर्यंत थांबले, “प्लायवुड आहे” म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.