स्टिकर जळता कामा नये

मागे एका गुरुवारी मी आयुष्यात पहिल्यांदा ‘हरकती व सूचना’ नावाच्या कार्यक्रमाला गेलो. पेपरात नोटीस होती. नाव बदललेली माणसे, हरवलेली शेअर सर्टिफिकिटे आणि ‘माझे अशील सदर सदनिका विकत घेत असून’ यांच्या मधोमध, मुंगीच्या अक्षरात: इमारत व अग्निसुरक्षा नियमांतील प्रस्तावित सुधारणा, नागरिकांनी 30 दिवसांच्या आत लेखी कळवावे, सुनावणी सकाळी 11 वाजता. घरी त्या दिवशी पेस्ट कंट्रोल होते. माझ्या जाण्याचे खरे कारण तेवढेच. जागरूक नागरिक वगैरे गैरसमज नको.

सभागृह तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद, जिन्यात 1998 पासूनच्या फायली. सभागृहाचे दार आतल्या बाजूला उघडते आणि त्याची एक झडप वरच्या कडीने कायमची बंद आहे, त्यामुळे आत शिरताना माणसाला जरा आडवे व्हावे लागते. राष्ट्रीय बांधकाम संहिता म्हणते की बाहेर पडण्याचे दार किमान एक मीटर रुंद हवे आणि ते बाहेर उघडायला हवे. पण ती संहिता बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. आम्ही आत चाललो होतो.

श्रोते सहा. दोन बिल्डरांची माणसे, एक फायर एजन्सीवाले, वास्तुशास्त्र शिकणारी एक मुलगी, मी, आणि प्रत्येक सुनावणीला न चुकता हजर असणारे एक निवृत्त काका. हे काका तुमच्याही गावात आहेत. त्यांच्या पिशवीत छत्री, पाण्याची बाटली आणि मागच्या सर्व सुनावण्यांची इतिवृत्ते असतात.

मसुदा जाडजूड होता. जिन्यांची रुंदी, रिफ्यूज एरिया, पंपाला वेगळी वीजजोडणी, सगळे त्यात होते. ते सगळे अर्ध्या तासात ‘वाचले असे समजण्यात आले’. मग आले कलम स्टिकरचे. प्रत्येक अग्निशमन साधनावर तपासणीचा स्टिकर दर्शनी भागी लावणे बंधनकारक. इथे सभेला जाग आली. आकार किती? दहा बाय पंधरा सेंटिमीटर. रंग? लाल सिलिंडरवर लाल स्टिकर दिसणार नाही, म्हणून पिवळा. पिवळा म्हणजे नेमका कोणता, यावर एजन्सीवाल्यांनी दोन नमुने खिशातून काढले. क्यूआर कोड असावा की नसावा, यावर वीस मिनिटे. धुरात मोबाइलला कोड दिसेल का, असे मुलीने विचारले. ‘सूचना नोंदवून घेतली,’ साहेब म्हणाले.

आणि मग काका उभे राहिले.

‘साहेब, समजा आग लागली. तर स्टिकर जळणार. स्टिकर जळाला, की तपासणी झाली होती हे सिद्ध कसं करणार?’

सभागृहात शांतता पसरली. पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, ‘मुद्दा आहे.’ पाचच मिनिटांत, एकमताने, मसुद्यात शब्द वाढले: ‘सदर स्टिकर उष्णतारोधक व ज्वालारोधक असावा.’ मुलीने हात वर करून विचारले, ‘सर, आणि सिलिंडरमधली पावडर?’ साहेब म्हणाले, ‘ते प्रपत्र ब मध्ये येतं.’

मी तेव्हापासून या वाक्यातून बाहेर पडलेलो नाही. ज्वालारोधक स्टिकर. इमारतीत लाकडी फर्निचर जळेल, पडदे जळतील, फॉल्स सीलिंग वितळून थेंबाथेंबाने खाली येईल, डक्टमधल्या वायरी जळतील. ज्या साधनाने आग विझवायची तेही जळेल. उरेल एक दहा बाय पंधरा सेंटिमीटरचा पिवळा तुकडा. चौकशी समितीचे सदस्य राख तुडवत येतील, रुमालाने तो पुसतील आणि वाचतील: ‘तपासले. सुस्थितीत. पुढील तपासणी जानेवारी.’ समितीला आणखी काय हवे? अहवाल तिथेच लिहून होईल. मला तर वाटते, एवढा चांगला पदार्थ हाताशी असताना तो सिलिंडरवर वाया का घालवायचा? पडदे स्टिकरचे शिवा. दारे स्टिकरची करा. सिमेंट आणि विटांचा नाद सोडून इमारतच स्टिकरवर स्टिकर चिकटवून उभी करा, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रासाठी वेगळा कागद लागायचा नाही, भिंत वाचली की काम झाले. रहिवाशांच्याही पाठीवर एकेक लावावा. ‘तपासले, सुस्थितीत.’ जिन्यात धूर झाला, की निदान कोण कोणाचे होते ते कळेल.

प्रपत्र ब ज्यांना ठाऊक नाही, ते भाग्यवान भाड्याने राहत असावेत. आपल्या राज्यात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा 2006 चा. त्यानुसार मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे. तेच प्रपत्र ब. कायदा चांगला आहे, हे मी उपहासाने म्हणत नाही. ज्याने लिहिला त्याला यंत्र गंजते हे माहीत होते. फक्त आपण त्याचा अर्थ असा लावला, की आग जानेवारीत आणि जुलैत लागते. फेब्रुवारी ते जून हा मोकळा काळ. दिवाळीत, गॅलरीत बाण शिरतात त्या आठवड्यात, जुलैचा कागद फाइलमध्ये असतोच.

आता आमच्या सोसायटीत या. अकरा मजले. गेल्या जानेवारीत एजन्सीचा मुलगा आला. हातात पिवळ्या स्टिकरची रीळ, कानात इअरफोन. मी खजिनदार, म्हणून बरोबर निघालो. तळमजल्यावरच्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता. मुलाने सिलिंडरच्या गालावर दोन चापट्या मारल्या. काटा थरथरला आणि हिरव्याच्या हद्दीत आला.

‘आला बघा काका हिरव्यात.’

‘पिन ओढून बघायची का?’ मी उत्साहाने विचारले.

‘नको नको काका, एकदा ओढली की परत बसत नाही.’

स्टिकर लावायला त्याने जागा चाचपली तेव्हा मला जुन्याची कड सुटलेली दिसली. नखाने उचकटली. खाली दुसरा. त्याच्याखाली तिसरा. मी मोजत गेलो. अकरा निघाले. साडेपाच वर्षे, सहामाहीला एक, कांद्याच्या पाकळ्यांसारखी. सगळ्यांवर तेच अक्षर, तीच सही आणि ‘सुस्थितीत’मधल्या दुसऱ्या वेलांटीची तीच ऱ्हस्वदीर्घाची चूक. सर्वांत खालच्याखाली सिलिंडरचा मूळ रंग दिसला. काय सुंदर लाल होता हो.

वर जाऊ म्हटले तर मुलगा म्हणाला, ‘वरचे तुम्ही सांगाल तसे.’ म्हणजे मी तोंडी सांगितले की दहा मजल्यांवर सिलिंडर आहेत, तर तो दहा स्टिकर मोजून माझ्या हातात ठेवणार होता. मी हट्टाने त्याला घेऊन गेलो. चौथ्यावर होजची पेटी: काच शाबूत, आत दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणि कुणाचा तरी कॅरमचा स्ट्रायकर. होज होता. पितळी नोझल नव्हते. पितळेचा भाव तुम्हाला माहीत आहे, चोरालाही माहीत आहे, प्रपत्र ब ला तेवढा माहीत नाही.

रिफ्यूज एरियात पोचलो. संहितेत त्याचे माप दिले आहे: दर माणशी 0.3 चौरस मीटर. म्हणजे आगीच्या वेळी एका माणसाने गुमान उभे राहावे एवढी जागा, खाली सतरंजीसुद्धा पसरता येणार नाही. आमच्या रिफ्यूज एरियात माणसांच्या आधीच आश्रयाला आलेले असे: प्लास्टिकच्या साठ खुर्च्या, एकावर एक, सेक्रेटरींच्या नातवाची सायकल, एक गादी, आणि थर्माकोलचे मखर. थर्माकोलवर 2018 मध्ये राज्यात बंदी आली, त्यामुळे ते वापरता येत नाही, आणि बाप्पा बसलेले मखर टाकवतही नाही. म्हणून ते अशा ठिकाणी ठेवले आहे जिथे आग लागल्यावर सगळ्यांनी जमायचे. मुलाने भिंतीवर स्टिकर लावला. मखर जरा आड येत होते, ते त्याने सरकवले.

गच्चीचे मात्र विचारू नका. विचारलेतच तर सांगतो. गच्चीच्या दाराला कुलूप आहे. का? तर 2019 मध्ये पाचव्या मजल्यावरच्या पटवर्धनांच्या भाच्याला कुणाबरोबर तरी गच्चीत पाहिले गेले. तो भाचा आता दोन मुलांचा बाप आहे, पुण्याला असतो, पण कुलूप तिथेच आहे. किल्ली वॉचमनकडे. वॉचमन रात्री साडेअकरानंतर पंपाच्या खोलीत, पंपाच्या आवाजात, गाढ. सात वर्षे मी प्रत्येक सर्वसाधारण सभेत हा विषय काढतो आणि प्रत्येक सभेत तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ या सदरात चहा येईपर्यंत टिकतो. उद्या अकरा मजल्यांची माणसे धुरामुळे खाली न जाता वर धावली, तर ती त्या कुलपापाशी एकमेकांवर पडतील. हे लिहिताना माझा हात थोडा कापतो आहे. त्यात विनोद नाही, मला सुचतही नाही.

राष्ट्रीय संहिता पहिल्यांदा 1970 मध्ये आली. 1983 मध्ये सुधारली, 2005 मध्ये सुधारली, 2016 मध्ये सुधारली. प्रत्येक वेळी ती अधिक नेमकी झाली. दार किती, जिना किती, धूर कसा बाहेर काढायचा, सगळे लिहिलेले आहे. आणि तरी प्रत्येक आगीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात तेच एक वाक्य: ‘इमारतीत अग्निशमन यंत्रणा होती, मात्र ती कार्यान्वित नव्हती.’ हे वाक्य आमच्याकडे जुळवूनच ठेवलेले असावे, फक्त पत्ता बदलायचा. अहो, कार्यान्वित नव्हती म्हणजे काय? कुणीतरी ती बंद असताना चालू आहे म्हणून सही केली. कुणीतरी ती सही पैसे देऊन घेतली. कुणीतरी ती न बघता फाइलला लावली. तीन माणसे आहेत हो. तिघांना नावे आहेत, तिघे रात्री जेवून झोपले. आणि बातमीत कर्ता कोण, तर यंत्रणा! जणू तीच रुसून बसली होती.

चेक माझ्या सहीचा होता, हेही लिहितो. आठ हजार. मी एजन्सीवाल्याला एकच प्रश्न विचारला होता: जीएसटीसह की जीएसटीविना?

दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो, मुले बंब बघायला जातात, बिल्ला लावतात. तो दिवस 1944 मधल्या मुंबई गोदीतल्या स्फोटाचा. स्फोट झालेल्या बोटीच्या पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र होती. आग विझवायला गेलेले 66 जवान त्या दिवशी गेले. धोक्याचा माल आहे हे दाखवणारे लाल निशाण बोटीवर लावलेले नव्हते. त्यातून आपण काय घेतले ते बघा: निशाण आधी. आता आमच्याकडे सगळीकडे निशाण आहे. पिवळे, दहा बाय पंधरा, क्यूआर कोडसकट.

सुनावणीनंतर जुलैचा मुलगा आला. तोच. नवा नियम अजून लागू झालेला नाही, पण एजन्सी पुढच्या विचाराची आहे. ज्वालारोधक स्टिकरचा पहिला गठ्ठा तयार होता. हातात घेतला. पत्र्यासारखा कडक, मागे चांगला जाड गम. मुलाने तो सिलिंडरवर दाबला. सिलिंडर गोल, स्टिकर सपाट. दोन्ही कडा टणकन् उभ्या राहिल्या. त्याने पुन्हा दाबला. पुन्हा उभ्या.

‘काका, हा वाकत नाही.’

‘मग?’

त्याने इकडेतिकडे पाहिले आणि स्टिकर सिलिंडरशेजारी भिंतीवर लावला. तळव्याने चोळून घट्ट बसवला. दोन पावले मागे जाऊन पाहिले. खरेच छान दिसत होता, आणि या वेळी ‘सुस्थितीत’ची वेलांटीही बरोबर होती.

‘आणि हा काका, रिफिलला नेतो.’ त्याने हुकावरून सिलिंडर उतरवला आणि स्कूटीच्या पायाशी ठेवला. ‘दोन दिवसांत आणून देतो.’

याला आता तीन आठवडे झाले. भिंतीवर हूक आहे, हुकाशेजारी स्टिकर आहे. जानेवारीपर्यंत चालेल.