शांतता! गोराई चालू आहे

मी गोराईत राहतो. खाडीच्या अलीकडच्या. हा खुलासा आधीच करतो, कारण पुढे जे घडलं त्याचं निम्मं मूळ तो न करण्यात आहे.

गोराई दोन आहेत. अलीकडची बोरिवली पश्चिमेला, म्हाडानं जागतिक बँकेच्या मदतीनं प्लॉट पाडून वसवलेली. इथे रिक्षावाला ‘एक की दोन?’ एवढंच विचारतो. पलीकडची म्हणजे मूळ गोराई. गावठाण, चर्च, माड, वाळत घातलेले बोंबील, समुद्र आणि आता तो सोनेरी पॅगोडा. दोन्हींच्या मधे खाडी आणि तिवरं. लाँचनं गेलं तर हा हा म्हणता पलीकडे. रस्त्यानं जायचं म्हटलं तर भाईंदर, उत्तन असा एवढा वळसा, की वाटेत डबा खाऊन घ्यावा.

दुसरा खुलासा, मी हॅम आहे. दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन, रीतसर परवाना काढून, घरात वायरलेस सेट लावून जगभरातल्या तसल्याच माणसांशी बोलणारा इसम. बोलणं काय, तर मी म्हणतो, ‘तुमचा आवाज छान येतोय.’ तो ब्राझीलहून म्हणतो, ‘तुमचाही.’ मग दोघं कृतकृत्य होऊन दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी एकदा ऐटीत सांगितलं होतं, की राजीव गांधीसुद्धा हॅम होते, व्हीयू टू आरजी. ते म्हणाले, ‘असतील. त्यांच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग नुकतंच झालेलं नसेल.’

ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी आमच्यातली सर्वांत मोठी स्पर्धा असते, ‘सीक्यू वर्ल्डवाइड’. ४८ तास. जागतिक घड्याळात शनिवारचे शून्य वाजले की सुरू, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. समोरच्याला दोनच गोष्टी सांगायच्या, आवाजाचा शेरा आणि आपल्या झोनचा क्रमांक. भारताचा झोन २२. शेरा प्रत्येकाला ५९, म्हणजे उत्तम. ऐकू येवो न येवो, ५९च. लग्नाच्या मांडवातून निघताना ‘जेवण छान होतं’ म्हणतात, तसं. दुसऱ्या खंडातलं स्टेशन सापडलं की तीन गुण, आपल्याच खंडातला परदेश असेल तर एक. स्वदेशातल्या स्टेशनला शून्य. हे शून्य लक्षात ठेवा.

२०२४ साली मी क्लबमध्ये जाहीर केलं, की यंदाची स्पर्धा आपण गोराई गावातून लढवायची. कारणं दोन होती. पहिलं शास्त्रीय. अलीकडच्या गोराईत नॉइझ भयंकर. नवरात्रापासून तर माझ्या सेटचा काटा कुणी बोलत नसतानाही एस-नाइनवर जाऊन बसायचा. सगळ्या बँडवर अखंड खरखर, जणू कुणी जगाला कढईत तळतंय. एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट, शेजारी, सगळ्यांना मी नावं ठेवून झालो होतो. गावात ही घाण नाही, शिवाय पश्चिमेला खारं पाणी. उभ्या अँटेनाला समोर समुद्र मिळाला की लहरी क्षितिजाला चिकटून लांब जातात, हे आमच्या धर्मातलं पहिलं सूत्र.

दुसरं कारण मी दिलं नाही. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर कराओके होतं. मी खाली घरात बसून तुर्कस्तानाला हाका मारत होतो. वर एक काकू डोळे मिटून गात असताना दुसऱ्या कडव्याच्या आत स्पीकरमधून माझा आवाज आला, ‘सीक्यू, सीक्यू, सीक्यू.’ दूध आटेपर्यंत तो येत राहिला. मला कसं कळणार? दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी बोलावलं आणि दिवाळीपर्यंत ‘तो प्रकार’ बंद ठेवायला सांगितलं.

आमच्या क्लबात माणसं लोकलच्या स्टेशनवरून ओळखली जातात. मोहिमेवर चौघं निघणार होतो. मी, अंधेरीचा एक पंधरा वर्षांचा मुलगा (परवाना बाराव्या वर्षापासून मिळतो, आणि त्या वयात परीक्षा एका फटक्यात सुटते), घाटकोपर आणि मुलुंड. घाटकोपरनं ऐनवेळी पाठीचं कारण सांगून घरूनच खेळायचं ठरवलं. मुलुंडकडे दुसरा सेट आणि अँटेना अ‍ॅनलायझर होता. त्याला मी शुक्रवारी दुपारी घरातून मेसेज केला, ‘संध्याकाळी गोराईला ये’, आणि पत्त्याचा घोळ नको म्हणून सोबत लोकेशन पाठवलं.

ही दिवाळीच्या फराळात होती. सोमवारी वसुबारस. ‘अहो, सगळी जाळी-जळमटं काढायची राहिलीत आणि तुम्ही तिकडे वायरी लावायला चाललात?’ एवढं बोलून तिनं चकल्यांचा स्टीलचा डबा हातात ठेवला. ‘डबा परत आणा. मागचा तुमच्या त्या तेलाच्या उद्योगात गेला.’

तो उद्योग म्हणजे डमी लोड. सेट तपासताना लहरी हवेत सोडायच्या नसतात, म्हणून अँटेनाऐवजी ५० ओहमचा रेझिस्टर जोडतात. सेटची सगळी ताकद त्यात शिरते आणि उष्णता होऊन संपते. रेझिस्टर जळू नये म्हणून तो तेलात बुडवतात. माझा डमी लोड मी स्वतः बनवला होता, हिच्या एका चांगल्या डब्यात. त्याचा मला इतका अभिमान, की गरज नसताना तोही मोहिमेवर घेतला.

जेट्टीवर दोन बांबू, बॅटरी, सेट, वायरींची भेंडोळी आणि दोन डबे असा आमचा लवाजमा पाहून लाँचवाल्यानं बांबूंचंही तिकीट लावलं. ‘मांडव कुणाचा?’ त्यानं विचारलं. मी त्याला आयनोस्फियरपासून सुरुवात करून समजावू लागलो. गाव येईपर्यंत तो बिचारा इंजिनापाशी जाऊन उभा राहिला होता.

समुद्राजवळ भाड्यानं घेतलेल्या बंगल्याच्या वाडीत दोन माडांमध्ये आम्ही डायपोल ताणला. लांबीचं गणित सोपं, १४३ला मेगाहर्ट्झनं भागायचं. ४० मीटरच्या बँडसाठी साधारण २० मीटर तार. शेजारच्या आजी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. ‘बाबांनो, बोंबील घालायला एवढी उंच कशाला बांधली? हात कसा पुरेल?’ मी डायपोलच्या टोकाला व्होल्टेज किती चढतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग तर बोंबील लवकर सुकतील.’

मुलुंड रात्रीपर्यंत आला नाही. फोन लागेना. त्याच्यावाचून अ‍ॅनलायझर नाही, पण सेटवर एसडब्ल्यूआरचा मीटर असतोच. अँटेना आणि सेट यांचं किती जुळतं, ते तो दाखवतो. १:१ म्हणजे छत्तीस गुण जुळले. मी तीन खटक्यांचा स्विच बसवला आणि शिस्तप्रिय माणूस असल्यामुळे प्रत्येक खटक्यावर चिठ्ठी चिकटवली. ‘व्ही’ म्हणजे उभी, व्हर्टिकल. ‘डी-१’ म्हणजे डायपोल. ‘डी-२’ म्हणजे डमी.

पहाटे सव्वापाचला, अंधारात, चष्मा बॅगेत असताना, मी खटका फिरवला.

‘बघ!’ मी पोराला म्हणालो. ‘एसडब्ल्यूआर बघ.’

१:१. काटा जागचा हलत नव्हता. ४० मीटरवर १:१. २० मीटरवर १:१. १५वरही १:१. तीस वर्षांच्या आयुष्यात असा एसडब्ल्यूआर मी पाहिला नव्हता. असा एसडब्ल्यूआर कुणालाच मिळत नाही, हे मला माहीत होतं. पण आपल्याच हातून चमत्कार झाला की माणूस शंका घेत नाही, फोटो काढतो. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

आणि शांतता! सेटमधून नुसता मंद श्वास. खरखर नाही, तळण नाही, काटा तळाशी निवांत. ‘ऐक,’ मी म्हणालो, ‘याला म्हणतात लोकेशन. बोरिवलीत हे सुख नाही.’

साडेपाच वाजले. मी मुठीत माइक घेतला आणि जगाला साद घातली. जग गप्प. पुन्हा साद. पुन्हा गप्प. सहा वाजले, साडेसहा वाजले. माडांच्या झावळ्या उजळायला लागल्या. पोरगं म्हणालं, ‘काका, कुणीच कसं नाही?’

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी सूर्यावर आलो. सूर्यावरच्या डागांचं चक्र सुमारे अकरा वर्षांचं, असं सांगून सौरवादळानं बँड कसे मरतात याचं मी साग्रसंगीत निरूपण केलं. वास्तविक त्याच महिन्यात, १५ तारखेला, नासानं सूर्य या चक्राच्या ऐन भरात आल्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे आमच्यासाठी दशकातला सुगीचा काळ. पोरानं तेही वाचलेलं होतं. त्यानं हळूच तसं म्हटलं. मी म्हणालो, ‘कागदावर.’

मग वेळ जावा म्हणून इतिहास काढला. १९४२ साली, चले जावच्या धुमाळीत, बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी याच मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ४२.३४ मीटरवर. ‘आकडा कर,’ मी पोराला म्हटलं. त्यानं मनातल्या मनात भागाकार केला, ‘सात पूर्णांक शून्य आठ मेगाहर्ट्झ. म्हणजे आपलाच ४० मीटरचा बँड!’ मला भरून आलं. पोलिसांच्या गाड्या त्यांचा माग काढत फिरायच्या, ते जागा बदलत राहायचे, नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत बोलत राहिले. ‘त्याच हवेत आज आपण बोलतोय,’ मी माइककडे बघत म्हणालो.

आमचा माग कुठल्याही पोलिसाला लागला नसता. आमचा आवाज हिच्या डब्यातल्या तेलाबाहेर पडलेला नव्हता.

आठच्या सुमारास घाटकोपरचा मेसेज आला. ‘तुम्ही सुरू केलंत का? ऐकू येत नाही.’

मी लिहिलं, ‘बँड डेड आहे.’

‘इकडे जपान भिंत हलवतोय. ऑस्ट्रेलियावाले रांगेत आहेत.’

घाटकोपरला अतिशयोक्तीची सवय आहे, असं मी मोठ्यानं म्हणालो. पोरानं काही उत्तर दिलं नाही. ते चहा आणायला गेलं होतं. परत आलं तेव्हा त्याच्या हातात एकच ग्लास होता, माझा.

‘तुझा?’

‘तिथे ठेवलाय, त्या डब्यावर. मघाशीपण ठेवला होता. काका, तो डबा भारी आहे. चहा गारच होत नाही.’

मी डब्याकडे पाहिलं. स्विचकडे पाहिलं. चष्मा लावला. पुन्हा पाहिलं. पॅगोडाचा कळस उन्हात झळझळत होता. त्याच्या पायथ्याशी दुरून दुरून माणसं येऊन दहा दहा दिवसांचं आर्य मौन पाळतात. आम्ही ते १०० वॉट खर्चून पाळलं होतं.

पोरानं माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्याचा मोठेपणा. त्यानं फक्त हात लांब करून खटका एक घर मागे घेतला. एसडब्ल्यूआर १.७ झाला आणि सेटमधून अख्खी पृथ्वी एकदम आत घुसली. जपानी, रशियन, इंडोनेशियन, एकावर एक, भाजीबाजारात लिलाव चालावा तशी. मी डायल फिरवू लागलो. आणि या सगळ्या कोलाहलावर पाय देऊन उभा असल्यासारखा एक आवाज आला. काटा नऊ ओलांडून पार टोकाला टेकला. एवढा दणदणीत सिग्नल माझ्या सेटनं कधी खाल्ला नव्हता.

कॉलसाइन ओळखीचा होता. मुलुंड!

नियमाप्रमाणे आम्ही एकमेकांना ५९, २२ दिलं. हे एकच ५९ खरं होतं. मग मला धीर धरवेना. ‘अरे, आहेस कुठे तू?’

‘गोराईला.’

‘गोराईला कुठे? आम्ही रात्रीपासून वाट बघतोय!’

‘तुम्हीच लोकेशन पाठवलंत ना? तुमच्या घरी आहे. रात्री वहिनींनी जाऊच दिलं नाही, फोनही इथेच संपला. मग म्हटलं, तुमची गच्चीवरची अँटेना रिकामीच आहे, तर बसावं. सेक्रेटरी आले होते सकाळी. त्यांच्या स्पीकरच्या वायरीला एक फेराइटचा मणी अडकवून दिला. खूश झाले. आता चहा पाठवलाय त्यांनी.’

आवाजामागे कुकरची शिट्टी झाली. किंचित फाटकी, शेवटी वळण घेणारी. ती शिट्टी मी कुठेही ओळखीन.

मी एकच प्रश्न विचारला. तो विचारायला नको होता. ‘आणि नॉइझ? एस-नाइन?’

‘छे, एस-थ्री. आधी होता नाइन. वहिनींना म्हटलं, देवघरातली ती नवी दिव्यांची माळ जरा बंद करता का? केली, आणि सगळं साफ. नवरात्रात आणलीय म्हणे.’

माळ मीच आणली होती. घासाघीस करून.

‘तुमचे किती झाले?’ मुलुंड विचारत होता. ‘माझे एकसष्ट. वहिनी लॉग लिहितायत, अक्षर काय सुंदर आहे हो त्यांचं.’

इकडे पोरानं आमचा संपर्क लॅपटॉपवर नोंदवला होता. तीन तास दहा मिनिटांनंतर आमच्या खात्यावर पहिली ओळ उमटली. एक झोन, एक देश, म्हणजे गुणक दोन. स्टेशन स्वदेशातलं, म्हणजे गुण शून्य. शून्य गुणिले दोन.

सेटमधून लांबून, कुकरच्याही मागून, हिचा आवाज आला. ‘भाऊजी, त्यांना म्हणावं, डबा आठवणीनं आणा.’

कुठला, ते मी विचारलं नाही.