दहा हजारांत एकाचा फरक

(स्थळ: कॅलिफोर्निया. सनीवेलहून लॉस अल्टोस हिल्सकडे निघालेली गाडी. वार बुधवार. सासरे पुण्याहून लेकीकडे आलेत. बँकेतून निवृत्त झालेत, हिशोबातून नाही.)

सासरे: फुकट म्हणता, आणि नासाचा माणूस बोलणार?

जावई: हो बाबा. नासाचं एम्स केंद्र इथे जवळच आहे.

सासरे: आणि बोलणार कुठे, तर दोन वर्षांच्या कॉलेजात! शेजारी स्टॅनफर्ड असताना?

जावई: फूटहिल कॉलेज. इथल्या अँड्र्यू फ्रॅकनॉय या प्राध्यापकांनी 1999 मध्ये ही व्याख्यानमाला सुरू केली. एका लघुग्रहाला त्यांचं नाव दिलंय.

सासरे: आमची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केली. लघुग्रह वगैरे मागितला नाही कोणी.

(पार्किंग. परवान्याचं यंत्र चुरगळलेली नोट दोनदा परत करतं. सासरे ती काढून घेतात, बॉनेटवर ठेवून अंगठ्याने चारी कोपरे सरळ करतात. यंत्र मुकाट्याने गिळतं.)

सासरे: हे कशाचे?

जावई: कॉलेजच्या पार्किंगचे.

सासरे: म्हटलं ना! फुकटात काहीतरी मेख असणारच.

(स्मिथविक थिएटर. सात वाजता सुरू म्हणजे सातलाच सुरू. पुणेकराला हे जरा अंगावरच येतं.)

सासरे: (कुजबुजत) दीपप्रज्वलन?

जावई: नाही.

सासरे: अध्यक्ष?

जावई: नाहीत.

सासरे: निदान वक्त्याचा परिचय?

जावई: झाला की आत्ता.

सासरे: तो? मला वाटलं, माइक तपासतायत.

(पुढचा सव्वा तास, शेवटी विचारलेला एक प्रश्न सोडला तर, सासरे गप्प. घरच्यांना हे सांगून पटणार नाही. परतीच्या वाटेवर, 280 नंबरच्या हायवेवर कंठ फुटतो.)

सासरे: म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह दिसतच नाही. ताऱ्यासमोरून जाताना उजेड जरा कमी होतो, तेवढ्यावरून ओळखायचं.

जावई: बरोबर. सूर्यासमोरून पृथ्वी गेली, तर दहा हजारांत साधारण एक भाग घट.

सासरे: दहा हजारांत एक रुपया! अहो, त्या एका रुपयासाठी रात्री दहापर्यंत बसलोय आम्ही. मॅनेजर म्हणायचे, खिशातला घाला आणि घरी जा. मी नाही गेलो.

जावई: केपलर दुर्बीण 2009 मध्ये सोडली. दीड लाख ताऱ्यांवर सतत नजर होती तिची.

सासरे: आणि एकदा घट दिसली की ग्रह जाहीर?

जावई: नाही, निदान तीनदा दिसायला हवी. पृथ्वीसारखा असेल, तर तीन वर्षं थांबायचं.

सासरे: हे आवडलं. एकदा चूक, दोनदा योगायोग, तिसऱ्यांदा चौकशी. पण जावईबापू, मी प्रश्न विचारला तेव्हा लोक हसले का?

जावई: तुम्ही आधी स्वतःचा परिचय दिलात, बाबा. शाखांसकट.

सासरे: त्यांनी दिला नाही, मग कोणीतरी द्यायलाच हवा होता. प्रश्न मात्र चोख होता. कक्षा तिरकी असेल, तर ग्रह आडवा येणारच नाही, मग तो मोजणार कसा?

जावई: वक्त्यांनी मान्यच केलं. पृथ्वीसारखे दोनशे असले, तर त्यातला एखादाच आपल्या नजरेच्या रेषेत येतो.

सासरे: म्हणजे एकशे नव्व्याण्णव खाती वहीबाहेर! आणि हे ऑडिटला चालतं?

जावई: किती सुटले असतील त्याचा अंदाज बांधतात. शिवाय 2018 मध्ये टेस नावाची दुसरी दुर्बीण सोडली. ती जवळपास सगळं आकाश तपासते.

सासरे: तिला तिरक्या कक्षेवाले दिसतात?

जावई: नाही... तीही ताऱ्याचा उजेडच मोजते.

सासरे: मग नासाला कळवा. नुसती शाखा बदलून फरक सुटत नसतो.