शिसारी कशाची?

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी फ्लशला वापरायचा विषय निघाला की पहिला आवाज ठरलेला: “शी! संडासाचं पाणी परत घरात?” विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो. प्रक्रिया केलेलं पाणी गटारात जातं आणि फ्लशसाठी पैसे मोजून टँकर येतो.

ही शिसारी खरी आहे, पण नको तिथे जागी होते. पुण्याचं बरंच मैलापाणी धड शुद्ध न होताच मुळा-मुठेत उतरतं, तिथून भीमेत, भीमेतून उजनीत. उजनीचं पाणी सोलापूर पितं. तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते आणि वारकरी तिचं तीर्थ घेतात. आपली घाण खालच्या गावाच्या घशात जाते, तेव्हा सभेत कुणी “शी” म्हणत नाही. लाज वाटायला हवी ती इथे.

नागपूरनं वाट दाखवली आहे. भांडेवाडीच्या केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं आणि तेवढं धरणातलं पाणी माणसांसाठी उरतं. नामिबियाची राजधानी विंडहोक तर १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पुरवठ्यात मिसळते. उलट ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहरात दुष्काळ असतानाही २००६ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के लोकांनी अशा योजनेला ‘नको’ म्हटलं. यंत्रं विकत मिळतात, भरवसा कमवावा लागतो. सिंगापूरला हे कळलं होतं. २००३ मध्ये ‘न्यूवॉटर’ नावाचं शुद्ध केलेलं सांडपाणी पुरवायला सुरुवात करताना त्यांनी लोकांना ते पाणी कसं तयार होतं ते बघायला बोलावलं.

आपल्याकडचे लोक अडाणी म्हणून शंका घेत नाहीत. वीजबिल वाचवायला बंद ठेवलेले एसटीपी त्यांनी पाहिलेत, फ्लशच्या टाकीतला वासही सोसलाय. त्यांना प्रबोधनाची पत्रकं वाटू नका. पाणी तपासल्याची तारीख, बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप), क्लोरीन आणि तपासणाऱ्याची सही दर आठवड्याला सोसायटीच्या फलकावर लावा. महापालिकेनंही आपल्या प्रत्येक केंद्राच्या फाटकावर तेच करावं. आकडा बिघडला तर त्या दिवशी पुरवठा बंद.

एवढं झाल्यावरही फ्लशला धरणाचंच पाणी हवं असेल, तर त्याचा पूर्ण खर्च त्या घराच्या बिलात लावा. पिण्याचं पाणी संडासात ओतायची सवलत कुणालाच नको.