माननीय पन्नास मीटर यांस

प्रति,
माननीय पन्नास मीटर,
शाळेचे फाटक ते पहिली टपरी,
जठारपेठ, अकोला.

विषय : मुलांच्या आरोग्याचे रक्षण एकहाती केल्याबद्दल आभार व बदलीची विनंती.

संदर्भ : अन्नसुरक्षा व मानके (शाळेतील मुलांसाठी सुरक्षित अन्न व संतुलित आहार) विनियम, 2020.

महोदय,

आपली प्रत्यक्ष भेट अजून घडलेली नाही. दुपारी पोराला घ्यायला जातो तेव्हा आपण तिथेच कुठेतरी अंथरलेले असणार, पण ऑटो, स्कूटी आणि आयांच्या गर्दीत नेमके कुठे संपता ते कळत नाही. विनियमात मात्र आपण अगदी ठसठशीत आहात. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेला पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कोणत्याही दिशेला पन्नास मीटरच्या आत विकायचा नाही, असं तिथे म्हटलंय.

आपली सेवापुस्तिका मी वाचली. आपण 1 जुलै 2021 रोजी कामावर रुजू झालात. करोनामुळे तेव्हा शाळाच बंद होत्या. शहरातले वर्ग उघडले 4 ऑक्टोबरला, तेही आठवीपासून पुढचे. म्हणजे पहिले तीन महिने आपल्या हद्दीत नियमभंगाची एकही घटना घडली नसणार. इतकी निष्कलंक सुरुवात महाराष्ट्रात फार थोड्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला येते.

आपल्या आधीही एक कर्तबगार पूर्वसुरी होऊन गेले. 2017 मध्ये राज्य शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, केक, कोल्ड्रिंक वगैरे हद्दपार करणारा निर्णय काढला. आमच्या भागातल्या कित्येक शाळांत उपाहारगृहच नाही. त्यामुळे बंदी तिथे पहिल्याच दिवशी शंभर टक्के यशस्वी झाली.

आता आपल्या कामाचा आँखों देखा हाल. शाळा सुटते. पोट्टे ऑटोत कोंबले जातात, दप्तरं बाहेर लोंबतात. ऑटो निघतो, आपली हद्द शिस्तीत ओलांडतो आणि पुढच्या दुकानापाशी थांबतो. दुकानाच्या दारात पाच-पाच रुपयांच्या पुड्यांची माळ टांगलेली असते, बरोबर सहा वर्षांच्या लेकराच्या डोळ्यांसमोर येईल अशी. गूळपट्टीची बरणी मात्र काउंटरच्या मागे, वरच्या फळीवर. ती मागायची तर दुकानदाराला उठावं लागतं. पुडी फुटते, निम्मी हवा निघून जाते, उरलेला ऐवज दोन मिनिटांत संपतो. बोटं नारिंगी होतात आणि शर्टाच्या बाहीला पुसली जातात. बाहीवरचा तो डाग साबणाला दाद देत नाही, हे आमच्या घरच्या अभ्यासातून सिद्ध झालं आहे. पोरगा घरी यायच्या आत त्याच्या आतड्यात काय होतं, ते आपल्या कार्यकक्षेबाहेरचं.

एकदा मी ऑटोवाल्या भाऊंना विचारलं, "इथंच कायले थांबता हो?" ते म्हणाले, "भूक लागते ना बाप्पा लेकरायले." सगळ्या विनियमात 'भूक' हा शब्द मला सापडला नव्हता.

महोदय, आपली नेमणूक ज्या काळासाठी झाली तो काळच बदललाय. अकोल्यातलं मोठं पोरगं आता शाळेत राहतं कुठे? बुलडाणा, वाशीमपासून मुलं इथे नीट आणि जेईईच्या क्लाससाठी येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा लावतात. नाव कॉलेजात, जीव क्लासात. सकाळी पोहे घशाखाली ढकलून निघालेलं पोरगं रात्री साडेआठला जिना उतरतं. आपल्या नियमात शाळेचं फाटक आहे, पण क्लासच्या जिन्याला फाटक नसतं. मग आपण मोजायचं कुठून? त्या जिन्याच्या पायथ्याशी चायनीजची गाडी लागलेली असते. काळ्याकुट्ट कढईत मैद्याच्या शेवया, त्यावर लाल सॉस, वर मूठभर कोबी. सकस आहार म्हणायचा तो एवढाच.

तिथे एका पोराला मी सहज विचारलं, "काय रे, इन्सुलिन कुठं तयार होते?" हातात एनर्जी ड्रिंकची बाटली, तोंडात नूडल्स. घास न थांबवता म्हणाला, "स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत, काका. पेपरात येतेच." त्याचे चार गुण पक्के. बीटा पेशींचं पुढे काय व्हायचं ते होईल.

खरं तर त्या बाटलीसाठी आपले थोरले बंधू नेमण्याचं ठरलं होतं. जुलै 2024 मध्ये तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितलं होतं की, जास्त कॅफिनच्या एनर्जी ड्रिंकवर शाळेपासून पाचशे मीटरच्या आत बंदी आणू. पाचशे! जठारपेठेसारख्या वस्तीत एका शाळेचे पाचशे संपायच्या आत दुसरीचे सुरू होतील. बंधुराज रुजू झालेच तर ती बाटली घ्यायला पोरांना शेगावला जावं लागेल, आणि तिथे कचोरी आहे.

कचोरीवरून आठवलं. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या एम्समध्ये समोसा-जिलेबीतलं तेल आणि साखर सांगणारे फलक लागणार, अशी बातमी आली आणि सारा विदर्भ दचकला. समोशावर सिगारेटसारखा इशारा छापणार नाही, असा खुलासा केंद्राला करावा लागला. त्याच वर्षी सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. फलक उत्तमच आहेत. त्यांच्याखाली उभं राहून वाढदिवसाची चॉकलेटं वाटता येतात.

आता जरा फाटकाच्या आत या. सरकारी शाळेत दुपारचं जेवण मिळतं, तेच ज्याला सगळे खिचडी म्हणतात. प्राथमिकच्या मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, हे त्याचं ठरलेलं माप. 2023 च्या नोव्हेंबरात राज्याने त्यात आठवड्यातून एक अंडं घातलं. अंडं न खाणाऱ्याला केळं. कोंबडीनेही समाधान मानलं असेल. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्याचा आणि साखरेचा निधी थांबवला आणि ज्या शाळेला द्यायचं असेल तिने लोकसहभागातून द्यावं असं सुचवलं. म्हणजे बाहेरच्या चिप्सला बंदी करायला विनियम आहे, आणि आतल्या अंड्यासाठी वर्गणी. पुडीवाल्याला मात्र लोकसहभाग मागावा लागत नाही. तो आपोआप जमा होतो, पाच-पाच रुपयांनी.

2016-18 च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाची सुमारे 24 टक्के मुलं वयाच्या मानाने हडकुळी निघाली आणि 5 टक्के जाड. वर साधारण दहातल्या एकाच्या रक्तात मधुमेहाची पूर्वचिन्हं. एकाच बाकावर बसून एकाला पुरेसं मिळत नाही आणि दुसऱ्याला नको ते मिळतं. कधी कधी तर तो एकच मुलगा असतो.

राहिलं आमचं घर. महोदय, इथे तर आपली फारच गरज आहे. रडलं की बिस्कीट, जेवताना मोबाईल, गणितात पैकीच्या पैकी पडले की पिझ्झा. भाजी ही शिक्षा आणि पिझ्झा हे बक्षीस, हा अभ्यासक्रम आम्हीच लावलाय. मग डब्यात भाकर दिली तर पोरगी म्हणते, "मले पोरी हसतात." का नाही हसणार? ज्या गावात 1969 पासून कृषी विद्यापीठ ज्वारीवर संशोधन करतंय, जिथल्या दालमिलांची तूरडाळ देशभर जाते, त्या गावात भाकर आजारी माणसाची किंवा मधुमेही आजोबांची झाली. वावरात सोयाबीन आलं, ज्वारी मागे सरली. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हा ती परत आली खरी. पण चकचकीत पुडीत, तळून, मसाला लावून, 'पफ' नाव घेऊन. तिला पाहून आमच्या आईने विचारलं, "ही ज्वारी हाय?"

आई अजून फुणके करते. तुरीची डाळ भरडून, कांदा-मिरची घालून, वाफवून. कढीसोबत दिले की तीच पोरगी चार खाते, कोणी हसत नाही. रहस्य काही नाही. ती क्लासहून येते तेव्हा ते ताटात गरम असतात आणि आजी समोर बसून स्वतःही खात असते. चायनीजच्या गाडीवाल्याचंही हेच तंत्र आहे. तो वेळेवर हजर असतो. हिवाळ्यात त्याच जिन्यापाशी एक बाई उकडलेल्या शेंगांची टोपली घेऊन बसते, तीही रिकामी होऊनच उठते. कोणी पोट्ट्यांना शेंगांवर भाषण दिलेलं नव्हतं.

तेव्हा विनंती अशी की, आपली बदली करून घ्यावी. दुपारी फाटकापाशी आपल्याला तसंही काम नाही. रात्री साडेआठला क्लासच्या जिन्यापाशी हजर राहावं, आणि रविवारी आमच्या घरी प्रतिनियुक्तीवर यावं. आमच्याकडे फ्रीज ते सोफा हे अंतर जेमतेम पाच मीटर आहे. उरलेले पंचेचाळीस दुमडून ठेवायला माळा रिकामा करून देऊ. येताना जेवून येऊ नये, फुणके आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक पालक, जठारपेठ

प्रत माहितीस्तव :
1) गूळपट्टीची बरणी, वरची फळी. खाली उतरण्याबाबत योग्य ती कार्यवाही करावी.
2) माननीय पाचशे मीटर, मुंबई. रुजू झाल्याचे कळताच पाठवण्यात येईल.