भाऊंचे चार डोळे

कंपनीने सगळं बसवून दिलेली गाडी घेणं भाऊंना पटत नाही. मग मालकाने करायचं काय, नुसती चालवायची? म्हणून भाऊंनी 2011 सालची आल्टो घेतली, तीही दोन मालकांचा हात फिरून आलेली. गाडी दारात आली त्या संध्याकाळी कोणीतरी ॲव्हरेज विचारलं. भाऊंनी उत्तरच दिलं नाही. ते बोनेटात डोकं घालून अजून कुठे काय बसवता येईल याचा अंदाज घेत होते.

भाऊ हे एकाच माणसाचं नाव आहे असं समजू नये. मुंबईत तीसेक वर्षं नोकरी करून, फंडाचे पैसे घेऊन गावच्या घराची दुरुस्ती करायला आलेले आणि दुरुस्ती संपतच नाही म्हणून इथेच राहिलेले भाऊ आरवलीत आहेत, शिरोड्यात आहेत, आरोंद्यातही आहेत. सगळ्यांकडे एक टूलबॉक्स असतो, त्यातलं नेमकं हवं ते पान्यांचं माप हरवलेलं असतं, आणि सगळ्यांना मेकॅनिक या प्राण्याविषयी खोल संशय असतो. मी सांगतो आहे ते आमच्या रेडीचे.

पहिल्या वर्षात आल्टोला सीट कव्हर, मडफ्लॅप, फॉगलॅम्प आणि रिव्हर्सला वाजणारी धून एवढं बसलं. धून लागली की वाडीतली पोरं नाचायची. भाऊ तिला तीन दिवसांत वैतागले आणि तोडायला तीन आठवडे लागले, कारण जोडताना वायर कुठून नेली ते आठवेना.

मग पार्किंग सेन्सरचं निघालं. त्याला कारण आमच्या पाणंदी. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, वर चढ आणि वळणावर माड. समोरून दुसरी गाडी आली की एकाने मागे जायलाच हवं. कोणी जायचं यावर रेडीत पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध तपासले जातात. भाऊ मागे जायला कधीच तयार नसत. लोकांना तो ताठा वाटे. खरं म्हणजे त्यांना मागचं दिसत नसे, मान वळत नसे, आणि कोणी मागे उभं राहून ‘येवंदे, येवंदे’ म्हणावं हे सहन होत नसे. कारण हे येवंदेवाले गाडीकडे बघतच नाहीत. ते हात हलवत असतात आणि बोलत असतात तिसऱ्याशीच. ‘रव!’ हा शब्द त्यांच्या तोंडून नेहमी ठोकर बसल्यावर येतो.

मुलाने फोनवर सुचवलं की म्हापशाला कुणाकडूनही तासा-दोन तासांत बसवून मिळेल. भाऊंनी फोन ठेवला. पाच दिवसांनी पार्सल आलं: चार टिकल्या, एक काळी डबी, वायरींचं भेंडोळं, काचेजवळ लावायचा छोटा डिस्प्ले आणि बंपरला भोकं पाडायचं गोल पातं.

त्यामागचं शास्त्र भाऊंनी यूट्यूबवरून घोकलेलं होतं. टिकल्या 40 किलोहर्ट्झचा आवाज सोडतात. माणसाचा कान 20 पर्यंतच पोचतो, म्हणून आपल्याला तो ऐकू येत नाही. आवाज मागच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि जाण्यायेण्याला किती वेळ लागला यावरून डबी अंतर काढते. मीटरभरावरच्या भिंतीकडून उत्तर यायला साधारण सहा मिलिसेकंद लागतात. हे सांगताना भाऊंचा आवाज कातर होई. त्यांना घरात कोणीही इतक्या लवकर उत्तर देत नाही.

बसवण्याचा कार्यक्रम रविवारी खळ्यात झाला. गडग्यावर तात्या येऊन बसले. रेडीत ड्रायव्हरचा शब्द जड असतो. 1976 साली इथल्या खाणीत द्विभुज गणपती सापडला, तोही एका ट्रक ड्रायव्हरला झालेल्या दृष्टांतावरून, असं सांगतात. तात्यांना दृष्टांत झालेला नाही, पण खाणी जोरात होत्या तेव्हा त्यांनी लोखंडाच्या मातीचे डंपर चालवलेत, आणि तेवढ्यावर ते सर्व वाहनांबाबत मत देतात. ‘खाणीच्या काठार डंपर रिव्हर्स घेतलंय मी,’ ते म्हणाले, ‘मागे खड्डो आणि आरसो फुटको. तेवां खंय होतो तुझो सेन्सर?’

भाऊंनी लक्ष दिलं नाही. आधी गाऱ्हाणं घातलं. माऊलीला, गणपतीला आणि राखणदाराला हाक मारून झाली, बंपर फुटू नये, वायर उलटी लागू नये, केलेल्या कामाला यश यावं असं सगळं मागून झालं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला तात्याच होते, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. मग बंपरवर कागदी टेप चिकटवून, जमिनीपासून पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरवर, शिवणाच्या टेपने मापून, पेन्सिलीने चार फुल्या मारल्या. वैनी म्हणाल्या, ‘एक फुली वर दिसता.’ भाऊ म्हणाले, जमीन उतरती आहे. जमीन उतरतीच होती. फुलीही वर होती.

सुताराकडून मागून आणलेलं ड्रिल फिरलं, आणि प्लास्टिकची काळी गोल चकती पातं सोडून टणकन उडाली ती तात्यांच्या मांडीवर. तात्यांनी ती निरखून खिशात टाकली. पुढच्या तीन चकत्या येईपर्यंत खळ्यात वीसेक माणसं जमली होती. भोकांच्या कडा भाऊंनी ब्लेडने इतक्या हळुवारपणे साफ केल्या की वैनींना स्वतःच्या लग्नातले भाऊ आठवले असावेत. त्या काही न बोलता चहा ठेवायला गेल्या.

वायरिंगला मात्र संध्याकाळ झाली. डबीला वीज रिव्हर्सच्या दिव्याची द्यायची, म्हणजे गियर मागे टाकला तरच ती जागी होते. त्यासाठी डिकीतलं कापड सोलायचं, रिव्हर्सचीच वायर शोधायची आणि अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्याला द्यायचं. भाऊंनी पहिल्या खेपेला ब्रेकच्या दिव्याची वायर धरली. ब्रेक दाबला की गाडी उभ्या जागी ओरडायला लागली. तात्या गडग्यावरून उतरून घरी गेले, ते हसायला.

दुसऱ्या खेपेला जमलं. भाऊंनी रिव्हर्स टाकला, बीप झालं, आणि तुळशीवृंदावन जवळ आलं तसं ते जलद होत होत शेवटी अखंड वाजलं. भाऊंनी ब्रेक मारला. खाली उतरून टेप लावली. अंतर बरोबर निघालं! टाळ्या पडल्या. वाडीतला कुत्रा मात्र तेव्हापासून आल्टोच्या मागे झोपत नाही. त्याला 40 किलोहर्ट्झ ऐकू जातात, आणि काय ऐकतो ते त्यालाच माहीत.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे कोकणाने सेन्सरशी केलेला असहकार. गवताची उडवी मऊ, ती आवाज गिळून बसते. भाऊ शांतपणे उडवीत गेले. पडवीची पायरी टिकल्यांच्या नजरेखाली येते, मडफ्लॅप गेला. वाल चढवायला रोवलेली काठी बारीक, तिच्याकडून उत्तर आलं तर आलं. एक टिकली तर उलटीच बसली होती, वर करायची बाजू खाली; ती इमानाने जमीन बघत राहिली आणि रिकाम्या रस्त्यावरही ओरडत राहिली. भाऊंना वाटलं, जागेचा काही दोष असेल. त्यांनी तिथे नारळ ठेवला. आणि पावसात रेडीची तांबडी माती टिकल्यांवर बसली की चारही मिळून आक्रोश करतात. मग भाऊ भर पाणंदीत उतरून, छत्री खांद्याला अडकवून, चार डोळे रुमालाने पुसतात, आणि समोरचा गाडीवाला इतका वेळ थांबून कंटाळतो की तोच मागे जातो. सेन्सरचा खरा उपयोग हाच झाला, असं माझं मत आहे.

चतुर्थीला चाकरमानी आले. 1 जुलै 2019 नंतर बनलेल्या सगळ्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे यंदा प्रत्येक खळ्यात नवी गाडी आणि प्रत्येक गाडीत बीप. भाऊंचा पुतण्याही नवी गाडी घेऊन आला आणि सफाईने मागे घेऊ लागला. भाऊ धावत गेले. गाडीच्या मागे उभे राहिले, दोन्ही हात हलवत, ‘येवंदे, येवंदे, येवंदे...’

‘काका, सेन्सर आहे हो!’ पुतण्या काच खाली करून ओरडला.

‘कंपनीचो मरे!’ भाऊ म्हणाले. ‘दोनच डोळे दिलेत त्येंनी. तू उतर आधी, आणि तो ड्रिल हाड हय.’