तीन प्रश्नांचे काका

चंदीगडला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यात तीन गोष्टी भेटतात: एकसारखे दिसणारे सेक्टर, जेवणात हटकून येणारं पनीर आणि रायफलकाका. पहिल्या दोन्हींची सवय होते.

काकांनी म्हणे संरक्षण खात्यात नोकरी केली. कसली, ते सांगत नाहीत. म्हणून ती हिशेब विभागात होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी सुखना तलावावर फेऱ्या मारताना कुणी चुकून 'बंदूक' म्हटलं, की ते जागच्या जागी थांबतात आणि बोटं मोडत तीन प्रश्न टाकतात.

"कशासाठी? किती अंतरावरून? उभं राहून की आडवं पडून?"

एका नवख्या बापाने मुलासाठी सहज विचारलं होतं. "दहा मीटर? मग एअर रायफल," काका सुरू झाले. "४.५ मिलिमीटरचा छर्रा, सपाट तोंडाचा, म्हणजे कागदाला भोक कसं टिकलीसारखं गोल पडतं. वजन साडेपाच किलोच्या आत. आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीचा दाणा त्याच्यापुढे गलेलठ्ठ!"

"दुर्बीण बसवायची का?"

"स्पर्धेत? मग उद्या परीक्षेला गाईड घेऊन बसव त्याला."

पन्नास मीटरचा विषय निघाला की काकांना बसायला बाक लागतो. गुडघ्यावर, आडवं आणि उभं, तिन्ही प्रकार एकाच रायफलने मारायचे. म्हणून गालाखालची पट्टी, खांद्याला टेकणारं टोक, सगळं मागेपुढे आणि वरखाली होणारं. स्क्रू इतके, की शिवणयंत्र सोपं वाटावं. इथे काकांचा आवाज हमखास भरून येतो, कारण याच प्रकारात कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या, तेव्हा रेल्वेत टीसी असलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवलं.

"साडा बिंद्रा!" शेजारचे सरदारजी लगेच छाती फुगवतात. चंदीगडमध्ये हा पत्ता हुकमाचा. ११ ऑगस्ट २००८, बीजिंग, दहा मीटर एअर रायफल, सुवर्ण. शेवटची गोळी १०.८. काका तेजस्विनी सावंतचं २०१०चं विश्वविजेतेपद पुढे करतात, पण सरदारजी तोवर चहा सांगून मोकळे झालेले असतात.

सरदारजींना स्वतःला शेतासाठी बंदूक हवी होती. काकांनी आठ किलोचं स्पर्धेचं धूड बाद केलं. "बांधाबांधाने फिरणार कसे? हलकी हवी, खांद्याला पट्टा." मग ३१५ बोअरचा इतिहास: ३०३ ची काडतुसं इंग्रजांनी फौजेसाठी राखली, म्हणून साध्या लोकांच्या हाती वेगळ्या मापाची बंदूक आली. ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनते. "आणि काडतुसाच्या बुडावर केएफ दिसलं तर नमस्कार करा. किरकी फॅक्टरी! आमची खडकी!" अर्थात रानडुकरावर झाडायची तर वनखात्याची परवानगी हवी, हेही ते बजावतात.

"और भतीजे की शादी में?"

"ढोल," काका म्हणाले. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात हवेत झाडलेल्या गोळीपायी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काकांनी स्वतः कधी काय झाडलं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि माकडांची टोळी उतरली. काकांनी बोटं मोडली. कशासाठी? कुरडयांसाठी. अंतर? चार मीटर. तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचेतो काकू लाटणं घेऊन वर आल्या आणि त्यांनी ते भिरकावलं. ते पाण्याच्या टाकीवर असं दणाणलं, की टोळी थेट पुढच्या सेक्टरात.

"उभं राहून मारलंस," काका गंभीरपणे म्हणाले. "पण डावा पाय जरा पुढे हवा होता."

काकूंनी लाटणं उचलून आणायला त्यांनाच पाठवलं.